फोटोतला हात

मान वळली ती भर कोर्टात, आणि वळली तेव्हा नारायणाला आधी कळलंसुद्धा नाही. बासष्ट सालचा मार्च महिना. अकोल्याच्या दिवाणी कोर्टाचं छप्पर उन्हाने तडतडत होतं, आणि धुऱ्याच्या एका दाव्यात खुशालराव नावाचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता. पक्का मुरलेला गडी, चार वकिलांना पाणी पाजून आलेला. उलटतपासणीत नारायणाने त्याला विचारलं, दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची बाभूळ कोणी तोडली. विचारताना तो खुशालरावाच्या डोळ्यांत बघत होता. उत्तर यायच्या वेळी त्याच्यासमोर डावीकडची भिंत होती, भिंतीवर पानाची जुनी पिंक होती, आणि कोणीतरी कशासाठी तरी ठोकून मग विसरून गेलेला एक खिळा होता. त्याने मान सरळ केली. ती सावकाश, अगदी सावकाश, परत तिकडेच गेली. दुखलं नाही, उसण भरली नाही. हाक आली की माणूस वळून बघतो तसंही ते नव्हतं, कारण हाक कोणी मारलेली नव्हती. खुशालराव उत्तर द्यायचं सोडून भिंतीकडे बघायला लागला, मग शिरस्तेदार बघायला लागला, मग खुद्द न्यायाधीशांनी चष्मा सारखा करून तिकडे पाहिलं. ‘वकीलसाहेब,’ खुशालराव म्हणाला, ‘तिकडं कोनाले पाहून राह्यले तुमी?’ कोर्टात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं नारायणाला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

हसण्यावारी न्यायचा प्रयत्न त्याने स्वतः पुष्कळ केला. अडतिसाव्या वर्षी माणसाची मान अवघडते, त्यात काय एवढं. बायको रमा म्हणाली, उशी उंच झाली असेल. तिने उशीतला कापूस काढून कमी केला, तिळाचं तेल चोळलं, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं. मान आपल्या ठरलेल्या वाटेने जातच राहिली. आडवं पडलं की काही नाही, मान शहाण्यासारखी सरळ. उठून चार पावलं टाकली की चालली डावीकडे. कोर्टात जायच्या रस्त्यावर डाव्या हाताचे सगळे दुकानदार त्याला रामराम घालायला लागले, वकीलसाहेब आताशा आवर्जून बघतात म्हणून. आणि उजव्या हाताचे म्हणायला लागले, वकिलाला शिंगं फुटली. हे असं ऐकायला गमतीचं वाटतं. पण रोज सकाळी आरशासमोर दाढी करायला उभं राहावं आणि आरशात आपला उजवा कान तेवढा दिसावा, गाल चाचपडत दाढी करावी, याची गंमत तीनचार दिवसांत संपते. त्याचा अशील पुंजाराम, ज्याच्या धुऱ्याचा दावा होता तो, घरी येऊन ओट्यावर उकिडवा बसला. मग म्हणाला, रिद्धपूरले देवापाशी चार दिवस राहून या साहेब, तिथं अशी मानसं बरी होऊन येतात. आणि जाता जाता दारातून वळून त्याने खरं ते विचारलं, की चवदा तारखेले जज्जाकडे पाहून बोलसान ना?

नारायणाने रमाला सगळं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून. मान वळायच्या आधी, अगदी पापणी लवण्याइतकं आधी, त्याला डोक्यावर हात जाणवायचा. चार बोटं टाळूवर आणि अंगठा उजव्या कानामागच्या खळग्यात. तो अंगठा दाबला जाई आणि मान निघे. भास म्हणावा तर रोजचा, त्याच जागी, तेवढाच. आणि भिण्यासारखं हे की हात अनोळखी नव्हता. त्या अंगठ्याचं नख कसं जाड आणि मधोमध चिरलेलं होतं, हे नारायण झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगू शकला असता.

अमरावतीला अंबागेटच्या आत भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यातल्या बाहेरच्या खोलीत त्याचे वडील, वेदमूर्ती मोरोपंत, संथा देत. दहाबारा पोरं यायची. बाकीच्या पोरांना मोठा विद्यार्थी शिकवी; नारायणाला मात्र वडील स्वतः घेऊन बसत, मुंज झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. वैदिकांच्या घरी स्वर कानाने शिकवत नाहीत, मानेने शिकवतात. स्वर खालचा आला की गुरू शिष्याचं डोकं धरून खाली दाबतो, वरचा आला की वर उचलतो, आणि तिसरा आला की बाजूला कलवतो. असं वर्षानुवर्षं झालं की मान आपोआप हलते आणि स्वर चुकत नाही. शब्द चुकला तर देव पदरात घेईल, स्वर चुकला तर यजमानाचं वाटोळं होईल, असं मोरोपंत म्हणत. ते मागे बसत. नारायणाच्या वाट्याला त्यांचा चेहरा कधी आलाच नाही. हात आला, आवाज आला, आणि समोर शेणाने सारवलेली जमीन आली. तिच्यातल्या काडीन् काडीची त्याला ओळख होती. संथा दहादा म्हणायची असा नियम. त्याची पंधरादा व्हायची, वीसदा व्हायची. बाकीची पोरं सुटून परकोटाच्या भिंतीवर चढलेली असायची, त्यांचा गलका ऐकू यायचा, मान दुखून डोळ्यांत पाणी यायचं आणि मागून आवाज यायचा, अजून एकदा. चुकलं कुठे ते सांगत नसत. चुकलेलंच नसे. तरी अजून एकदा. हा माणूस आपला कसला सूड उगवतोय, हे कोडं त्या वयात त्याला सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर नंतरही सुटलं नाही. तेराव्या वर्षी तो बडनेऱ्यापर्यंत पायी गेला, गाडीत बसला आणि अकोल्याला मामाकडे येऊन इंग्रजी शाळेत जायला लागला. त्या दिवाळीला मामाने समजूत घालून त्याला घरी नेलं. वडील भिंतीपाशी पाटावर बसले होते, तोंड भिंतीकडे. तो पाया पडला, शेजारी बसला, तासभर बसला. त्यांनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. गोदावरीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, फराळाचं आणून ठेवलं आणि ती आत निघून गेली. दोन वर्षांनी तार आली तेव्हा तो परीक्षेला बसला होता. पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. पाहिलं नाही ते नाहीच. पंचवीस वर्षं त्याने ते तोंड फिरवणं छातीत जपून ठेवलं होतं, आणि आता त्याचंच तोंड त्याच बाजूला फिरत होतं. सोडलं नाही म्हाताऱ्याने, एवढंच त्याच्या मनात येई. मेल्यावरही संथा सोडली नाही.

म्हणून नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं तेव्हा रमा देवाला म्हणत होती की काही निघू नये, आणि नारायण मनातल्या मनात म्हणत होता की निघू दे. डाग निघू दे, गाठ निघू दे, काळं पांढरं जे असेल ते निघू दे. मेंदूत काही सापडलं की तो आजार ठरला. मग तो औषधाचा, नाहीतर चाकूचा, नाहीतर मरणाचा मामला, पण वडिलांचा नाही. डॉक्टर हळू आवाजाचे, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी त्याला चालवून पाहिलं, लिहायला लावलं, आणि मग त्याच्या हनुवटीला आपलं एक बोट टेकवलं. नुसतं टेकवलं, ढकललं नाही. मान सरळ झाली. डॉक्टर मान डोलावून म्हणाले, या आजारात काहींना असं होतं. कोणाला हनुवटीला बोट लागतं, कोणाला गालाला, कोणाला हातात काही धरावं लागतं. जोर लागत नाही, स्पर्श लागतो. का, ते कोणाला माहीत नाही. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का असं, वडिलांना, आजोबांना? नारायणाला हसू आलं. त्याने सांगितलं की माझ्या वडिलांची मान म्हणजे डॉक्टर, सगळ्या अमरावतीत तेवढी ताठ मान नव्हती.

मेंदूचा फोटो काढायची रीत त्या काळी अशी होती की पाठीच्या कण्यात सुई घालून आतलं पाणी काढायचं आणि तेवढीच हवा सोडायची. ती हवा चढत चढत डोक्यात जाते, मेंदूतल्या पोकळ जागा भरते, आणि फोटोत त्या काळ्या उमटतात. त्याला खुर्चीत ताठ बसवून पट्ट्याने बांधलं. हवा चढायला लागली ते त्याला कळलं. डोक्याच्या आत कोणी बुडबुडे सोडत होतं, आणि प्रत्येक बुडबुडा फुटला की कवटी उकलते की काय असं होई. ओकारी आली, घाम सुटला. मान पट्ट्यातही राहीना, तेव्हा फोटो काढणाऱ्याने डोमाजी नावाच्या तिथल्या नोकराला बोलावलं. डोमाजी येऊन मागे उभा राहिला. त्याने नारायणाचं डोकं धरलं, चार बोटं टाळूवर, अंगठा कानामागे. तिथेच. आणि मान सरळ झाली. ‘हलू नका,’ कुठूनतरी आवाज आला. यंत्र खट्ट वाजलं. ‘अजून एक.’ पुन्हा खट्ट. ‘अजून एक.’ नारायण समोरच्या जमिनीकडे बघत होता. ती फरशीची होती, पण त्या दुखण्यात तिच्यात त्याला काड्या दिसत होत्या. शुद्ध हरपण्याआधी आपण काहीतरी पुटपुटलो हे त्याला आठवत होतं. काय पुटपुटलो ते मात्र आठवेना. दुसऱ्या दिवशी डोमाजी पाणी द्यायला आला तेव्हा नारायणाने विचारलं. डोमाजी म्हणाला, शबूद काई नोयता साहेब, निसती चाल होती; आमच्या गावचे बामन म्हंतात तशी.

‘मेंदू स्वच्छ आहे,’ डॉक्टरांनी फोटो दिव्याच्या काचेवर लावून सांगितलं. पोकळ जागा दोन्हीकडे सारख्या, कुठे दाब नाही, गाठ नाही, झीज नाही. नारायण बघत राहिला. धुरकट पांढरी कवटी, तिच्या आत पंख पसरल्यासारखी काळी हवा, आणि कवटीच्या काठावर, बाहेरून आत आलेली, पांढरीफेक चार बोटांची हाडं. त्याने बोट दाखवलं. डॉक्टर ओशाळून म्हणाले, तो आमच्या डोमाजीचा हात. धरल्याशिवाय तुमचा फोटो निघतच नव्हता. मग म्हणाले, आजार नाही असा याचा अर्थ करू नका. मेंदूच्या तळाशी हालचाली ठरवणारे भाग आहेत, तिथे काहीतरी बिनसलं असेल. पण आमच्या फोटोची नजर तिथवर पोचत नाही. भला माणूस होता. पण नारायण वकील होता, आणि पुरावा नाही म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मेंदूत कोणी नव्हतं. डोक्यावर हात होता. आणि आता तो हात फोटोतसुद्धा आला होता. रमाने ‘स्वच्छ’ एवढा एकच शब्द ऐकला आणि घरी आल्यावर देवापुढे साखर ठेवली.

पुढचे काही महिने त्याने हनुवटीला बोट लावून काढले. चौदा तारखेला तो तसाच उभा राहिला, विचारात गढल्यासारखा, आणि पुंजारामच्या बाजूने चांगला बोलला. न्यायाधीश पुढची तारीख देताना म्हणालेसुद्धा, की आज वकीलसाहेब फार विचार करून बोलले. पण बोटाचा गुण हळूहळू ओसरला. आधी एक बोट पुरे, मग दोन लागली, मग पूर्ण पंजा लावून ढकलावं लागलं आणि ढकललं की मान जास्तच हट्टाला पेटे. पोळ्यापर्यंत बोटात काही उरलं नाही. बाररूममध्ये त्याच्या डावीकडची खुर्ची रिकामी राहायला लागली. सारखं कोणाच्या तोंडाकडे बघत बसलेला माणूस कोणाला हवा असतो? दसऱ्याच्या सुमारास पुंजाराम येऊन कागद मागायला लागला. दुसरा वकील केला होता. त्याला रडू आवरत नव्हतं. ‘मले लाज वाटते साहेब,’ तो म्हणाला. ‘पन तुमी जज्जासंग बोलता अन् भिताडाकडं पाहता. जज्ज म्हनते, याचं खरं नसन. माह्या धुऱ्याचा सवाल हाय.’ नारायणाने कागद बांधून दिले. एक अशील गेला की त्याच्या मागून बाकीचे जातात, हे त्याने इतर वकिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्या आठवड्यात आणखी तिघे येऊन गेले.

दिवाळीनंतर तो आईकडे गेला. कशासाठी, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. बहुतेक एकदा त्या खोलीत उभं राहून विचारायला, की बाबा, आता पुरे. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतला होता. गाडीत सगळे चीनच्या लढाईबद्दल बोलत होते आणि तो डावीकडच्या खिडकीतून वेचणीला आलेला कापूस बघत होता. गोदावरीबाई त्याच दोन खोल्यांत एकट्या राहत, देवळात द्यायला वाती वळत. मान त्यांनी दारातच पाहिली, पण विचारलं काही नाही. जेवण झाल्यावर त्याने फोटो काढून दाखवला तेव्हा त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. कवटीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

‘हा हात कोणाचा?’

दवाखान्यातल्या माणसाचा, त्याने सांगितलं, डोकं धरायला. गोदावरीबाईंनी मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला. म्हणाल्या, आडवं पडलं की जातं ना? चाललं की जास्त? बोट लावून भागत होतं, ते आता भागत नाही? यातलं एक अक्षर त्याने आईला कळवलेलं नव्हतं. तो नुसता हो म्हणत गेला. बाहेर शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता तो कोणी बंद केला.

मग त्यांनी सांगितलं, फोटोकडेच बघत, खालच्या आवाजात, आजही कोणी ऐकेल अशा भीतीने. मोरोपंतांची मान नारायणाच्या मुंजीच्या वर्षी वळायला लागली. वैदिकाची मान वळते म्हणजे स्वर वळतो. हे बाहेर फुटतं तर त्यांना कोणी अनुष्ठानाला बोलावलं नसतं, पोरं उठून गेली असती. त्यांनी बायकोला देवाची शपथ घातली होती; जमेल तेवढं बाहेर जाणं टाळत, घरात भिंतीकडे तोंड करूनच बसत. ‘तुला संथा द्यायला बसले, तुझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मान सरळ झाली,’ त्या म्हणाल्या. ‘दुसऱ्या कोणाच्या डोक्याने होत नव्हती. मी माझं डोकं देऊन पाहिलं.’ तेवढा वेळच त्यांना सरळ बसता येई, समोरचं दिसे, पोथी दिसे, बायको दिसे. म्हणून संथा लांबायची. तुझं चुकत नव्हतं रे, त्या म्हणाल्या, कधीच चुकत नव्हतं. सुटून तू बाहेर पळालास की ते आत येऊन भिंतीकडे तोंड करून रडायचे, की पोराला छळतो मी. आणि उद्या नको म्हणायचे. आणि उद्या पुन्हा हाक मारायचे.

नारायणाने दिवाळीची आठवण काढली. गोदावरीबाईंनी पदराने डोळे पुसले.

‘मान किती ओढत होते रे त्या दिवशी. पण ती येईना. तू उजवीकडे बसला होतास, नारायणा. डावीकडे बसला असतास तर त्यांनी तुला पाहिलं असतं.’

परतीच्या गाडीत तो लहान पोरासारखा रडला. लाज वाटली नाही. डावीकडच्या बाकावरची म्हातारी बाई हे आपल्याला बघून रडतंय की काय म्हणून घाबरली आणि उठून दुसरीकडे बसली, त्याचं त्याला मधेच हसूही आलं. केवढं ओझं उतरलं होतं. शाप नव्हता, सूड नव्हता. एक आजारी माणूस होता आणि त्याला सरळ बघायचं होतं, बस. घराण्यातला रोग आहे, डॉक्टरांना पत्र लिहून कळवायला हवं. मान काय, जाईल तिकडे जाईल. कोर्ट सुटलं तर मसुदे लिहून देता येतील, मसुदे लिहायला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. असं सगळं त्याने बोरगावच्या आसपास ठरवून टाकलं. आणि एक गोष्ट त्याला जाणवली ती अशी, की सबंध प्रवासात डोक्यावर हात नव्हता. मान वळत होती, पण आपली आपण.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. त्याची आठ वर्षांची मुलगी अनुपमा बैठकीत पाटी घेऊन पाढे घोकत होती. बाबा आले म्हणून ती खूश झाली आणि तो खुर्चीत टेकताच सवयीने त्याच्या पुढ्यात येऊन, गुडघ्यांना पाठ टेकून बसली. एकोणतिसाचा पाढा अडत होता. नारायण म्हणाला, म्हण बघू. प्रवासाने दमलेला, रडून हलका झालेला तो बाप होता. समोर तेल लावून चापून विंचरलेलं डोकं होतं. त्याने त्यावर हात ठेवला. कोणीही ठेवील तसा, मायेने.

मान सरळ झाली. आपोआप, काही न ओढता, दार उघडावं तशी. पोळ्यानंतर पहिल्यांदा त्याला आपल्या घराची समोरची भिंत दिसली. घड्याळ बंद पडलेलं दिसलं. दारात रमा तांदळाचं ताट घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा सगळा, दोन्ही डोळ्यांसकट, समोरून दिसला. ती किती वाळली होती. तिच्या हातातलं ताट कलतं झालं. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘तसेच बसा. हलू नका.’ त्याने झटकन हात उचलला. मान डावीकडे गेली. त्याने हात पुन्हा ठेवला, एवढं बघायला, खरंच का ते. खरंच होतं. उद्या कोर्टात याचा काही उपयोग नाही, एवढंही त्याला कळत होतं. पोरीला कोणी कोर्टात बसू देणार नव्हतं. पण घरात, रोज, तासभर तरी. त्याच्या पंजाखाली अनूचं डोकं थोडं खाली गेलं होतं. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. ती जमिनीकडे बघत पाढा म्हणत होती, आणि यावेळी तो कुठेही अडला नाही, एकोणतीस दाहे दोनशे नव्वदपर्यंत धडाधड आला. बाहेर अंगणात मैत्रिणी तिला हाका मारत होत्या.

‘आलं बाबा,’ ती म्हणाली. ‘जाऊ?’

नारायणाने हात काढायचं ठरवलं. त्याचा अंगठा तिच्या कानामागे कधी जाऊन बसला होता, ते त्याला आता दिसलं. रमा दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे बघत होता.

‘अजून एकदा,’ तो म्हणाला.